प्लायवुडची टाकी आणि लाकडाची तहान

"मरीन प्लाय घेतोय, म्हणजे पाण्याची काळजी मिटली." घरच्या घरी प्लायवुडचा फिशटँक करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हे म्हणतो. मीही म्हणत होतो. माझ्या वहीत गेले काही आठवडे एका टाकीचा आराखडा पडून आहे: लांबी 180 सेंटिमीटर, रुंदी 60, पाण्याची उंची 60. तळ आणि तीन बाजू 18 मिलिमीटर प्लायच्या, फक्त समोरची बाजू काचेची. पाणी मावणार 648 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 648 किलो.

हा आकडा ऐकला की लोकांना पहिली भीती वाटते ती दाबाची. एवढं पाणी भिंती फोडून बाहेर येणार नाही का? भीती खोटी नाही, पण हिशेब चुकीचा असतो. भिंतीवरचा दाब पाणी एकूण किती आहे यावर ठरत नाही, फक्त खोलीवर ठरतो. फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिनने हे 1586 मध्येच लिहून ठेवलं, आणि आजही ते पटकन पचत नाही. 60 सेंटिमीटर पाण्याच्या तळाशी एका चौरस सेंटिमीटरवर 60 ग्रॅमचा भार असतो. पृष्ठभागाशी शून्य, म्हणून सरासरी 30. मागची भिंत 180 गुणिले 60, म्हणजे 10,800 चौरस सेंटिमीटर. तिच्यावरचा एकूण रेटा झाला 324 किलो. टाकीची रुंदी 60 सेंटिमीटर ठेवा नाहीतर 6 मीटर, त्या भिंतीला काही फरक पडत नाही. उंची मात्र 90 केलीत तर तोच रेटा 729 किलोवर जातो, कारण सरासरी दाबही वाढला आणि भिंतही. म्हणून हौस लांबी-रुंदीत भागवावी, उंचीत नको.

दाब तळाशी जास्त असूनही भिंतीला पोट येतं ते वरच्या कडेच्या मध्यावर. खालची कड तळाला घट्ट बांधलेली असते, वरची मोकळी. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो, त्यामुळे सगळा प्लाय जाड घेण्यापेक्षा वरच्या कडेने चहूबाजूंनी एक रुंद पट्टी आडवी बसवणं शहाणपणाचं. वाकण्याच्या दिशेने तिची सगळी रुंदी कामाला येते. आणि काच चौकटीला आतून लावायची, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. दाबाचा विषय माझ्यापुरता इथे संपतो. तो गणिताने सुटतो, दोन पट्ट्या जास्त लावल्या की झालं.

लाकडाची तहान तशी सुटत नाही.

मरीन प्लायमधलं 'मरीन' हे बहुतांशी डिंकाबद्दल आहे. त्याचे पापुद्रे फिनॉलिक रेझिनने चिकटवलेले असतात, आणि उकळत्या पाण्यातही ते सुटत नाहीत. आतल्या थरांत पोकळ्या राहू दिलेल्या नसतात, हाही मोठा गुण. पण पापुद्रे शेवटी लाकडाचेच, आणि लाकूड पाणी पितंच. मी 18 मिलिमीटरचा एक उघडा तुकडा बादलीत विटेखाली दाबून ठेवला. तीन दिवसांनी व्हर्नियर लावला तर जाडी 19 च्या पुढे गेलेली. लांबी-रुंदी मात्र मला मोजता येण्याइतकी बदललेली नव्हती. एकही पापुद्रा सुटला नव्हता. डिंकाने आपलं काम चोख केलं होतं, लाकडानेही आपलं केलं होतं.

फक्त जाडीच का वाढली? इथे जरा खोलात जाऊ या. लाकडाची प्रत्येक पेशी म्हणजे एक लांब नळी. तिच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे बहुतांश नळीच्या लांबीच्या दिशेनेच पडलेले असतात. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची साखळी, आणि दर कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट. पाण्याच्या रेणूला हे गट ओढून घेतात. पण धाग्याच्या आत साखळ्या इतक्या घट्ट रचलेल्या असतात की तिथे पाण्याला वाव नसतो. ते दोन धाग्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना बाजूला सारतं. धागे लांब होत नाहीत, एकमेकांपासून दूर जातात. म्हणून लाकूड आडवं फुगतं, उभं जवळजवळ नाही. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होताना ते आडव्या दिशेने जातीनुसार 3 ते 10 टक्के आकसतं, तंतूंच्या दिशेने मात्र साधारण 0.1 ते 0.2 टक्केच. ओलावा वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांवर पोचला की पेशींच्या भिंती तृप्त होतात. त्यापुढचं पाणी नळ्यांच्या पोकळीत साठतं, फुगणं थांबतं.

प्लायवुडची करामत अशी, की शेजारचे पापुद्रे काटकोनात ठेवलेले असतात. एकाला जिकडे फुगायचंय, तिकडे दुसऱ्याचे न लांबणारे तंतू आडवे येतात. दोघेही एकमेकांना आवरतात. पण जाडीच्या दिशेला आवरणारं कुणीच नाही! तिथे सगळे पापुद्रे मनसोक्त फुगतात. टाकीत हे घडलं की वरचा लेप कडांपाशी ताणला जातो, तडकतो, आणखी पाणी आत जातं.

तेव्हा आतून लेप हवा, आणि तो सलग हवा. टाकीसाठी सहसा इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारा लेप) वापरतात, कोपऱ्यांत फायबरग्लासच्या कापडासकट. डब्यावर 'नॅनो' आणि 'एकाच हातात शंभर टक्के वॉटरप्रूफ' असं छापलेल्या रंगांपासून लांब राहा. एका हातात सुईच्या टोकाएवढी छिद्रं हमखास राहतात, आणि ती पाडतं खुद्द लाकूड.

कोरड्या प्लायच्या आकारमानात निम्म्याहून जास्त हवा असते. 18 मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर फळी म्हणजे 18 लिटर. त्यात हवा साधारण 10 लिटर. आता शाळेतला चार्ल्सचा नियम आठवा. तापमान 27 अंशांवरून 37 वर (केल्विनमध्ये 300 वरून 310 वर) गेलं तर ही हवा एक तीसांशाने वाढते, म्हणजे अदमासे 330 मिलिलिटर, चांगला मोठा पेलाभर. ती सगळी एका बाजूनेच बाहेर येते असं नाही, पण सकाळी लेप दिला आणि दुपार तापली तर थोडी तरी ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढत येणारच. बुडबुडा फुटेपर्यंत लेप घट्ट झालेला असतो आणि छिद्र बुजत नाही. संध्याकाळी उलटं होतं. हवा आकसते, फळी श्वास आत घेते आणि इपॉक्सीलाच नळ्यांत ओढते. लाकडी होड्या बांधणारे म्हणूनच तापमान उतरत असताना लेप देतात. फळी आधी उन्हात तापवायची, सावलीत आणायची, मग ब्रश लावायचा. किती साधी गोष्ट, आणि मी पहिला नमुना रविवारी सकाळी दहा वाजता रंगवला होता.

दोन हातांच्या मधे इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने पुसला जातो; न पुसता दुसरा हात दिला तर तो नीट धरत नाही. काचेचे सांधे बुजवणारं सिलिकॉन सगळ्यात शेवटी, कारण त्याच्यावर नंतर काहीच चिकटत नाही. रेझिन आणि हार्डनर तोलून मिसळावं, अंदाजाने नको. उरलेला हार्डनर पाण्यात उतरतो आणि माशांना भोवतो.

सध्या बादलीत दुसरा तुकडा आहे. संध्याकाळी दोन हात दिलेला, कडा दोनदा माखलेल्या, आणि एका बाजूला खिळ्याने मुद्दाम एक ओरखडा काढलेला. काल बाहेर काढून पाहिलं. लेपाखाली ओरखड्यापासून काळसर ओल पसरली होती, तंतूंच्या दिशेने बोटभर, आडवी जेमतेम नखाएवढी. बाकीचा तुकडा कोरडा होता. कडेची जाडी 18.