सायलेंट हंटर ३ ला डायनॅमिक कॅम्पेन मिळालं त्यामागची गोष्ट

सायलेंट हंटर ३ सारख्या पाणबुडीच्या कॉम्प्युटर गेममध्ये टॉर्पेडो सोडणं हे पाच मिनिटांचं काम, खरं काम असतं शोधायचं. टाइप ७सी यू-बोट घ्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, पाण्यावर जेमतेम १७ नॉट (ताशी सागरी मैल), पाण्याखाली फार तर ७ आणि तेही बॅटरी टिकेल तेवढाच वेळ, आणि समोर अख्खा उत्तर अटलांटिक. दिवसच्या दिवस नुसतं पाणी, मग एखाद्या पहाटे क्षितिजावर धुराची रेघ. म्हणूनच कॅम्पेन, म्हणजे एकामागून एक मोहिमांचा सलग खेळ, स्क्रिप्टेड आहे की डायनॅमिक हा वाद ह्या गेम्समध्ये इतका पेटतो, कारण कॉन्व्हॉय, म्हणजे संरक्षणात जाणारा मालवाहू जहाजांचा ताफा, कुठे आहे हे आधीच ठरलेलं असेल तर शोधण्यात काही उरतच नाही.

स्क्रिप्टेड म्हणजे मिशन एक, मिशन दोन, मिशन तीन, जहाजं त्याच जागी त्याच वेळेला येणार. डायनॅमिक म्हणजे समुद्रावरची वाहतूक आपली आपली चालू आहे, तुम्ही तिथे असा नाहीतर नसा, गाठ पडली तर पडली नाहीतर हात हलवत घरी.

आणि डायनॅमिक ही काही नवीन गोष्ट नाही बरं का, सुरुवातीपासूनची आहे. १९८५ ला मायक्रोप्रोजचा सायलेंट सर्व्हिस आला, सिड मायरचा, त्यात छोटी छोटी मिशन्स होतीच पण सोबत वॉर पेट्रोल पण होतं, बेसवरून निघायचं, पॅसिफिकच्या नकाशावर बोट फिरवायची आणि जपानी जहाजं कधी भेटतील ते नशिबावर. १९८८ च्या रेड स्टॉर्म रायझिंगमध्ये तर त्याच कंपनीने एक पाऊल पुढे टाकलं, नॉर्वेच्या समुद्रात तुमची अणुपाणबुडी काय करते त्यावर युरोपातली जमिनीवरची लढाई सुद्धा हलायची. त्या काळच्या कॉम्प्युटरवर हे केलं होतं!

पण माझ्या मते ह्या सगळ्याचा कळस म्हणजे १९९४ चा एसेस ऑफ द डीप, डायनॅमिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने केलेला. १९३९ पासून पुढे करिअर, एकामागून एक गस्ती, रेडिओवर हेडक्वार्टरचे मेसेज, आणि कॉन्व्हॉय दिसला की तुम्ही कळवायचं आणि मागे मागे राहायचं, मग दुसऱ्या यू-बोटी येऊन मिळायच्या. वुल्फपॅक. पुढच्या काळातल्या कितीतरी चकचकीत गेम्सना हे जमलं नाही.

१९९६ ला पहिला सायलेंट हंटर आला, परत पॅसिफिक, चांगला होता. आणि मग २००१ मध्ये सायलेंट हंटर २. अटलांटिक, यू-बोटी, थ्रीडी ग्राफिक्स, लोकांनी वर्षानुवर्षं वाट बघितलेली, आणि कॅम्पेन मात्र स्क्रिप्टेड. एक मिशन पूर्ण करा, मग पुढचं. नापास झालात की तेच परत, आणि तिसऱ्या खेपेला एस्कॉर्ट, म्हणजे ताफ्याच्या रक्षणाच्या युद्धनौका, कुठून येणार कधी वळणार सगळं तोंडपाठ. सात वर्षांपूर्वीच्या गेममध्ये जे होतं ते नव्यात नाही म्हटल्यावर माणसं चिडणारच ना. मिशन एडिटर होता म्हणून लोकांनी स्वतः मिशन्स बनवून तो गेम जगवला ती गोष्ट वेगळी.

त्यामुळे सायलेंट हंटर ३ चं काम युबीसॉफ्टच्या रोमानियातल्या स्टुडिओत चालू असताना जेव्हा कळलं की ह्यातही डायनॅमिक कॅम्पेन नसणार, तेव्हा खेळणाऱ्यांनी अक्षरशः लावून धरलं. मागणी एकच, बाकी काही कमी करा पण हे द्या. आणि कंपनीने ऐकलं, गेमची तारीख पुढे ढकलली, कॅम्पेन नव्याने केलं आणि मार्च २००५ ला गेम आला. आपल्याकडे पैसे घेऊन तारीख पुढे गेली की लोक वैतागतात, इथे तारीख पुढे गेली म्हणून लोक खूश झाले, कारण हवं ते मिळणार होतं.

आता त्याच्या आत काय आहे ते बघण्यासारखं आहे. कॅम्पेनच्या मुख्य फाइल्स तीन. एलएनडी म्हणजे बंदरं आणि जमिनीवरचं, एससीआर म्हणजे स्क्रिप्टेड, आणि आरएनडी म्हणजे रँडम. आरएनडी फाइल उघडली की दिसतं, एक एक कॉन्व्हॉय म्हणजे एक ग्रुप, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो चालू, किती तासांनी नवीन निघणार, निघायची शक्यता किती टक्के, रस्त्यातले पॉइंट कुठले, आणि त्याची खबर तुमच्या रेडिओवर यायची शक्यता किती. जहाज नक्की कुठलं ते बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, नुसता प्रकार, गेम स्वतः निवडतो. म्हणजे हॅलिफॅक्सहून लिव्हरपूलला जाणारा एचएक्स कॉन्व्हॉय तुमच्या बोटीसाठी तयार केलेला नाही, तो त्याच्या वेळापत्रकाने निघालाय आणि तुम्ही नकाशावर पट्टी ठेवून त्याच्या पुढे जाऊन थांबायचं गणित मांडताय. पहिल्या फ्लोटिलात, म्हणजे पाणबुड्यांच्या तुकडीत, टाइप २ ची चिमुकली बोट मिळते, पाचच टॉर्पेडो, एक चौकोन नेमून दिलेला, तिथे २४ तास फिरायचं, आणि वेळ १०२४ पट पळवत असताना अचानक वेग खाली येतो आणि वॉच ऑफिसर ओरडतो जहाज दिसलं म्हणून, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो स्क्रिप्टेड मिशनमध्ये मला कधीच आला नाही.

पण बघा, डायनॅमिक कॅम्पेनमध्येही एक स्क्रिप्टेड फाइल आहेच, आणि ती हवीच. ठराविक दिवशी ठराविक ठिकाणी असलेल्या युद्धनौका नशिबावर सोडता येत नाहीत. दुसरं म्हणजे तुम्ही कितीही टन वजनाची जहाजं बुडवा, युद्ध बदलत नाही. विमानांच्या फाल्कन ४.० मध्ये, १९९८ च्या, आघाडी खरोखर पुढे मागे सरकायची, तसं इथे नाही, १९४३ यायचं ते येतंच, विमानं वाढतात, रडार येतं, एस्कॉर्ट हुशार होतात. काही जण ह्याला कमीपणा म्हणतात. मला उलट हेच बरोबर वाटतं. १९४३ च्या त्या एका मे महिन्यात जर्मनांच्या ४० च्या वर यू-बोटी गेल्या, एकट्या कप्तानाच्या हातात काय होतं त्यात? खरी उणीव दुसरीच, सायलेंट हंटर ३ मध्ये वुल्फपॅक नव्हते, १९९४ ला जे होतं ते.

स्क्रिप्टेडची बाजू पण सांगायला हवी. १९९७ चा ६८८ आय हंटर किलर, अमेरिकन नौदलासाठी काम करणाऱ्या सोनॅलिस्ट्सने केलेला, मिशनमागून मिशन असा, आणि तरी उत्तम, कारण आधुनिक पाणबुडीत सगळा खेळ सोनारचा, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून शोधायचा, एकेक परिस्थिती हाताने नीट रचली की डोकं लावायला लागतं. पण दुसऱ्यांदा खेळायला बसलं की मजा अर्धी.

पुढे २००७ चा सायलेंट हंटर ४ परत पॅसिफिकमध्ये गेला, त्यात गस्तीच्या मध्येच रेडिओवर नवीन कामं यायची, पडलेल्या वैमानिकांना उचला, बंदराचे फोटो काढा. २००८ च्या यू-बोट मिशन्स अ‍ॅड-ऑनमध्ये मलायातल्या पेनांगवरून हिंदी महासागरात उतरता येतं, आणि हे आपल्या दारातलं आहे, १९४३ मध्ये जर्मनांनी अरबी समुद्रात पाठवलेल्या तुकडीचं नावच मॉन्सून होतं, आपला पावसाळा सरताना हल्ला करायचा बेत होता. २०१० च्या पाचव्या भागात बोटीत आतून चालता फिरता यायला लागलं पण करिअर १९४३ लाच संपतं, म्हणजे सगळ्यात अवघड वर्षं कापूनच टाकली.

त्यानंतर युबीसॉफ्टने मालिकेचा सहावा भाग काढलाच नाही. २०१७ ला किलरफिश गेम्सने कोल्ड वॉटर्स आणला, तो उघड उघड रेड स्टॉर्म रायझिंगचा वारस, १९६८ आणि १९८४ अशा काळातली युद्धं, आणि एखादा ताफा तुमच्या हातून निसटला तर नकाशावर त्याचा परिणाम दिसतो. यूबोट नावाचा गेम २०१९ पासून अर्धवट मिळत होता तो २०२४ ला पूर्ण झाला. आणि तरी सायलेंट हंटर ३ वर ग्रे वुल्व्ह्ज मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेली सुधारणा, टाकून खेळणारी माणसं अजून आहेत, त्याच आरएनडी आणि एससीआर फाइल्स उघडून कॉन्व्हॉयच्या तारखा नि रस्ते एकेक करून खऱ्या नोंदींशी जुळवत बसलेली.