शेतातले दगड खरंच वाढतात का?

‘दगड वेचून काढले तरी पुढच्या वर्षी तेवढेच दिसतात, म्हणजे ते जमिनीत वाढतात.’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो. अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळं.

दख्खनचा काळा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पाणी आधी त्याच्या भेगांत शिरतं, कोपरे झिजवतं आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटू लागतात. त्यांचा मुरूम, पुढे माती होते. मधला टणक गोटा तेवढा उरतो. म्हणजे दगड वाढत नाही, उलट झिजतो!

मग तो वर कसा येतो? पावसाचं पाणी बारीक माती वाहून नेतं, जड दगड जागीच राहतो आणि उघडा पडतो. नांगराचा फाळ खालचे दगड वर काढतो. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. या हालचालीतही दगड वर सरकतात.

पडताळायचं असेल तर चार-पाच दगड धुऊन, वाळवून वजन करा, रंगाची खूण करा आणि बांधाशी ठेवा. वर्षाने पुन्हा तोला. वजन वाढलेलं दिसणार नाही.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. काळ्या मातीतले पांढरट चुनखडीचे खडे खरोखर वाढतात, पण थरावर थर साचून, हजारो वर्षांत. ते ओळखायला लिंबू पिळा. फेस येतो.