कापोसी सार्कोमाचे पेशीसंवर्धन

कापोसी सार्कोमा हा एड्सशी जोडला गेलेला, रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींशी नाते असलेला कर्करोग. त्वचेवर आणि तोंडात जांभळट डाग व गाठी येतात. फुफ्फुसे आणि आतडीही सुटत नाहीत. व्हिएन्नाच्या मॉरिझ कापोसी यांनी १८७२ मध्ये त्याचे वर्णन केले. जुलै १९८१ मध्ये न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील २६ समलिंगी पुरुषांना तो झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सच्या साथीची ही अगदी सुरुवातीची खूण होती.

रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या चातीच्या आकाराच्या पेशी शरीराबाहेर, प्रयोगशाळेतल्या साध्या पोषकद्रवात (म्हणजेच पेशीसंवर्धनात) फार काळ तगत नसत. १९८८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने त्या दीर्घकाळ वाढवल्या. एचटीएलव्ही-२ विषाणूने बाधित टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ज्या द्रवात वाढल्या होत्या, तोच द्रव त्यांनी या पेशींना दिला. त्यातला मुख्य वाढघटक ऑन्कोस्टॅटिन-एम असल्याचे १९९२ मध्ये कळले. त्याआधी १९९० मध्ये एचआयव्हीचे टॅट हे प्रथिनही या पेशींची वाढ चेतवते असे दिसले होते. प्रतिकारशक्तीची कमतरता असलेल्या उंदरांत या मानवी पेशी टोचल्यावर जी गाठ आली, तिच्यातल्या रक्तवाहिन्या उंदराच्याच होत्या! पेशी स्वतः वाढतेच, पण शेजारच्या ऊतींनाही वाढायला लावते. या संशोधनाचे खरे मोल मला इथेच वाटते.

वाढ मोजण्याची रीत साधी आहे. फ्लास्क ३७ अंश सेल्सिअसला, सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. ठरलेल्या दिवशी ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर घालून तळाला चिकटलेल्या पेशी सोडवतात, ट्रिपॅन ब्लू या रंगाचा थेंब मिसळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेल्या काचेवर मोजतात. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही.

१९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी या गाठींत एक नवा हर्पिस विषाणू शोधला, तोच एचएचव्ही-८. पण गाठीतून काढलेल्या पेशी बशीत वाढू लागल्या की काही पिढ्यांतच हा विषाणू गमावून बसतात. म्हणून त्याच विषाणूमुळे होणाऱ्या एका विरळ लिम्फोमापासून (लसिकापेशींच्या कर्करोगापासून) बनवलेले बीसीबीएल-१ सारखे पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी, कामी आले, कारण त्यांच्यात विषाणू टिकून राहतो. निरोगी अस्तरपेशींना प्रयोगशाळेत बाधित करूनही अभ्यास होतो.

पेशीवंशाची ओळख पटवणे किती गरजेचे आहे, हे एसएलके नावाच्या वंशाने दाखवले. कापोसी सार्कोमाचा म्हणून वर्षानुवर्षे वापरलेला हा वंश प्रत्यक्षात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा, म्हणजे कॅकी-१ हा आधीपासूनचा पेशीवंशच असल्याचे २०१३ मध्ये डीएनए तपासणीतून उघड झाले. त्यावर बेतलेले निष्कर्ष त्यामुळे जपूनच वाचावे लागतात. मात्र एसएलकेपासून घडवलेला आय-एसएलके हा वंश भरपूर विषाणू तयार करण्यासाठी आजही उपयोगी पडतो.