हरित रसायनशास्त्राचे विद्यापीठीय अध्ययन, सोलापूर

घातक द्रव्ये तयार झाल्यावर त्यांची विल्हेवाट लावण्यापेक्षा ती मुळात तयारच होऊ नयेत, अशी प्रक्रिया आखणारी रसायनशास्त्राची शाखा. तिला शाश्वत रसायनशास्त्र असेही म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र सोलापूर विद्यापीठ झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नमुना अभ्यासक्रमात बी.एस्सी.ला हरित रसायनशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे.

शाखेच्या उगमाबाबत एकमत नाही. काही अभ्यासक शाश्वत विकासाची संकल्पना मांडणाऱ्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालापासून, तर बहुतेक जण अमेरिकेच्या १९९० च्या प्रदूषण-प्रतिबंध कायद्यापासून आरंभ मानतात. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये अणु-मितव्यय (वापरलेल्या द्रव्यांच्या भारापैकी किती टक्के उत्पादनात उतरतो) आणि त्याच सुमारास रॉजर शेल्डन यांनी ई-घटक (टाकाऊ पदार्थाचे मोजमाप) मांडला. पॉल अनास्तास व जॉन वॉर्नर यांनी मांडलेली या शाखेची १२ तत्त्वे १९९८ ची. तथापि ब्रिटिश अभियंता ट्रेव्हर क्लेट्झ यांनी १९७० च्या दशकाअखेरीस, इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात १९७४ मध्ये झालेल्या स्फोटानंतर, घातक द्रव्याचा साठाच ठेवू नये असा आग्रह धरला होता. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेने त्याचे महत्त्व दारुणपणे सिद्ध केले. भारतीय विद्यार्थ्याला ही कारखान्यातून आलेली परंपरा अधिक जवळची वाटावी.

प्रयोगशाळेत ॲसिटॅनिलाइडचे उदाहरण सोयीचे ठरते. ॲनिलीन (रेणुभार ९३) व ॲसिटिक ॲनहायड्राइड (१०२) यांपासून ॲसिटॅनिलाइड (१३५) मिळते, ६० भार ॲसिटिक आम्ल म्हणून वेगळा पडतो; अणु-मितव्यय सुमारे ६९%. ॲनहायड्राइडऐवजी ॲसिटिक आम्लच वापरले, तर फक्त पाणी सुटते आणि आकडा ८८% होतो. बेंझॉइन तयार करताना सायनाइडऐवजी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, वापरता येते.

ई-घटक म्हणजे १ किलो उत्पादनामागे पडणारा टाकाऊ पदार्थ, किलोत. शेल्डन यांच्या मूळ गणनेत पाणी धरलेले नव्हते. औषधनिर्मितीत हा घटक २५ ते १०० च्या घरात, तर तेलशुद्धीकरणात ०.१ पेक्षाही कमी दाखवला गेला. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात मात्र पाणी वगळणे पटत नाही. सोलापुरी चादरीची नक्षी रंगवलेल्या सुताची असते, म्हणजे रंगाई विणाईच्या आधी होते. रिॲक्टिव्ह रंगाने, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगाने, सूत रंगवताना सुत-पाणी प्रमाण १:१० आणि मीठ लिटरला ६० ग्रॅम धरले, तर १ किलो सुतामागे १० लिटर पाणी व ६०० ग्रॅम मीठ लागते. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते, पण धाग्यात राहत नाही. सगळेच्या सगळे सांडपाण्यात जाते. रंगाचाही काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून वाया जातो. जैविक शुद्धीकरणाने हे मीठ निघत नाही. पाणी वगळले तर केवळ मिठाचा ई-घटक ०.६ येतो, पाणी धरले की तो १० च्या पुढे जातो, आणि धुण्याचे पाणी अजून वेगळेच. पुढे पाणी व विद्रावक धरून ‘पूर्ण ई-घटक’ मांडला गेला; येथील अध्यापनात तोच आधाराला घ्यावा, हे उचित. धोकादायक ॲरोमॅटिक अमाइने सोडणाऱ्या ॲझो रंगांवर (कृत्रिम रंगांचा एक वर्ग) जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली, त्यामुळे निर्यातक्षम टॉवेलांच्या रंगनिवडीचा प्रश्नही याच विषयात येतो.

१२ तत्त्वांपैकी सातवे, म्हणजे नवीकरणीय कच्चा माल, जिल्ह्यातील साखर कारखान्यांशी जुळते: बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) वीज, मळीपासून इथेनॉल. मात्र १ लिटर अल्कोहोलमागे साधारणतः ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश (आसवनीनंतर उरणारे सांडपाणी) निघतो, ही बाब क्वचितच हिशेबात येते. डाळिंबाच्या सालीत टॅनिने, म्हणजे रंगाईला उपयोगी तुरट द्रव्ये, विपुल असतात. तुरटीबरोबर पिवळा, लोहक्षारांबरोबर करडा-काळा रंग मिळतो. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळच्या केगाव येथेच आहे.