होडी उलटी का वळली?

निपाणीजवळच्या एका शेततळ्यात आम्ही चार फुटांची एक होडी सोडली. आत बॅटरी, होकायंत्र आणि ऑटोपायलट, म्हणजे आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्र. आपली आपण फेऱ्या मारत तिनं तळ्याची खोली मोजायची, म्हणजे गाळ किती साचलाय ते कळेल. तिला पूर्वेचा काठ सांगितला. तिनं नाक फिरवलं ते पश्चिमेकडे, आणि सुकाणू डावी-उजवीकडे आपटत जाऊन समोरच्या प्लास्टिक कागदाला टेकली. शेताचे मालक काका काठावरच उभे होते. म्हणाले, "मोटर उलटी फिरायलीय की रे. वायरी बदला."

थ्री फेजच्या पंपावर कुठल्याही दोन फेजांची अदलाबदल केली की मोटर उलट फिरते, हे इकडच्या प्रत्येक ऊसवाल्याला पाठ असतं. बॅटरीवरच्या मोटरीला तर दोनच वायरी. पण गंमत अशी, की आदल्या दिवशी आम्ही नेमकं तेच केलं होतं आणि होडी बिघडली होती ती त्यामुळेच.

सुकाणू फिरवायला आम्ही गाडीच्या वायपरची मोटर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून बसवून घेतली होती. सुकाणू किती वळलं हे सांगायला त्याच्या दांड्यावर एक सेन्सर होता. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली असतो, तसाच. ऑटोपायलट म्हणतो, "पाच अंश उजवीकडे." मोटर फिरते, सेन्सर "पाच झाले" म्हणतो, मोटर थांबते. आमचा सेन्सर मात्र उलटा बसला होता. सुकाणू उजवीकडे जाई तेव्हा तो "डावीकडे चाललंय" असं कळवी. हुकूम आणि खबर यांतला फरक मिटायच्या जागी वाढे, म्हणून मोटर आणखी जोर लावी. सुकाणू शेवटच्या टोकाला जाऊन अडकलं आणि मोटर कण्हू लागली. आम्ही घाईनं मोटरीच्या वायरी बदलल्या. सगळं शांत झालं. मागितले पाच, दिसले पाच.

इथंच फसलो. उणे गुणिले उणे अधिक होतं, तसं दोन उलट्यांनी एकमेकांना झाकलं होतं. मोटर आणि सेन्सर यांचं आपसात जुळलं, पण दोघंही खोटं बोलत होते: पडद्यावर उजवं, प्रत्यक्षात डावं.

मग होडी गोल न फिरता पश्चिमेलाच का गेली? दिशा चुकली की ऑटोपायलट ती सुधारायला जातो, आणि सुकाणू उलटं असल्यामुळे चूक वाढतच जाते. पण वर्तुळात चूक 180 अंशांपेक्षा मोठी होऊच शकत नाही. तिथून थोडं पुढं सरकलं की जवळची वाट दुसऱ्या बाजूनं होते आणि हुकूम एकदम पलटतो. म्हणून होडी बरोब्बर उलट्या दिशेभोवती घुटमळत राहते, सुकाणू दोन्हीकडे आपटत. ही खूण दिसली की कुठंतरी एक चिन्ह उलटं आहे हे नक्की समजावं.

उजवं-डावं हा शेवटी माणसांनी ठरवायचा मामला असतो. 14 एप्रिल 1912 च्या रात्री हिमनग दिसताच टायटॅनिकवर 'हार्ड अ-स्टारबोर्ड', म्हणजे पूर्ण उजवीकडे, असा हुकूम सुटला आणि जहाजाचं नाक डावीकडे वळलं. ऐकणाऱ्याची चूक नव्हती. त्या काळी हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असे, आणि दांडा उजवीकडे ढकलला की नाव डावीकडे वळते. 1929 च्या लंडनमधल्या सागरी सुरक्षा परिषदेनं हा घोळ मिटवायचं ठरवलं. उसाची ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं हे ट्रॅक्टरवाल्याला सांगावं लागत नाही. नौका मागं जाताना सुकाणूचा परिणामही असाच उलटतो, आणि साध्या ऑटोपायलटला ते कळत नाही.

आणखी एक उलटा असतो, जरा लपलेला. अभियंते निकोलस मिनॉर्स्की यांनी 1922 मध्ये जहाजांच्या आपोआप सुकाणूचं गणित मांडलं. निष्णात सुकाणूवाला फक्त किती चुकलंय ते बघत नाही, जहाज किती वेगानं वळतंय तेही बघतो आणि आधीच उलट सुकाणू देतो, हे त्यांनी हेरलं होतं. वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर उलटा लागला तर होडी पूर्वेकडे जाते खरी, पण नागमोडी, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा.

तेव्हा तपासणी सुकाणूपासूनच सुरू करावी, कारण ते डोळ्यांना दिसतं. मोठ्या नौकांवरही हे काम त्या बंदरात बांधलेल्या असतानाच करतात. आम्ही होडी स्टुलावर ठेवली, पंखा काढला. हातानं सुकाणूची मागची कड उजवीकडे ढकलली. पडदा म्हणाला, डावीकडे. सेन्सर सापडला. त्याच्या टोकाच्या दोन वायरी बदलल्या, आणि मोटरीच्या वायरी पहिल्यासारख्या केल्या. मग उजवीकडचा हुकूम दिला आणि पडद्याकडे न बघता सुकाणूकडे बघितलं.

शेवटची तपासणी काकांनी केली. ऑटोपायलट चालू ठेवून त्यांनी होडी दोन्ही हातांनी उचलली आणि नाक हळूहळू उजवीकडे फिरवलं. होकायंत्राचा आकडा वाढत गेला, आणि मागं सुकाणू त्यांच्या हाताला विरोध करत डावीकडे वळलं.