घर बाहेरून स्वतः रंगवताय? आधी भिंत वाळलीय का ते बघा

नमस्कार, दसरा जवळ आला की आमच्या दुकानात रोज कोणी ना कोणी येतं, दिवाळीच्या आत घर बाहेरून रंगवायचंय, पेंटर मिळत नाहीये, आम्ही घरचेच करू, कुठला रंग देता? आम्ही रंग विकतो तरी आधी हेच विचारतो की भिंत वाळलीय का. नाशकात पाऊस सप्टेंबरभर असतो, ऑक्टोबरातही येऊन जातो, आणि चार महिने पाणी प्यालेली भिंत आठ दिवसांच्या उन्हात वरून कोरडी दिसते पण आत ओल तशीच असते. त्यावर कितीही भारी रंग मारा, संक्रांतीपर्यंत फुगे येतात आणि पोपडे सुटतात. आमच्या स्वतःच्या घराची पश्चिमेची भिंत अशीच घाईत वाया गेली, सगळं खरवडून परत करावं लागलं.

घरीच बघायचं असेल तर फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, एक दिवस एक रात्र ठेवा, काढताना आतून पाणी जमलेलं दिसलं की थांबायचं. दिवाळी चुकली तरी चालेल, खरंच. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत छान हवा असते, फक्त थंडीत दव वाळल्यावर दहाच्या पुढे सुरू करा आणि चारला ब्रश धुवून ठेवा, ओल्या रंगावर रात्रीचं दव पडलं की चिकट ओघळ दिसतात.

ओल कुठून येतेय ते शोधल्याशिवाय डबा उघडू नका. गच्चीचा कोबा, पॅरापेटचा म्हणजे गच्चीच्या कठड्याचा माथा, छज्जा जिथे भिंतीला मिळतो तो सांधा, बाथरूमचे पाइप, आणि पिंपळाचं रोप, ते वरून तोडलं तर परत येतं, मूळ काढावं लागतं. पांढरे क्षार आले असतील तर कोरड्या ब्रशने झाडा, पाणी मारलं की ते परत आत जातात. शेवाळाला ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून पंधरा-वीस मिनिटांनी घासून धुवायचं, हातमोजे घाला आणि त्यात टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी गॅस होतो.

मग वायर ब्रशने सुटलेलं सगळं काढा. हात फिरवून बघा, पांढरी पावडर लागली तर अजून घासायचंय. बारीक भेगा थोड्या उघडून क्रॅक फिलर भरा. आतल्या खोलीची उरलेली तयार लांबी, म्हणजे पुट्टी, बाहेर अजिबात लावू नका, पावसात ती फुगते, बाहेरच्यासाठी व्हाइट सिमेंटची घ्या. नवीन प्लास्टर असेल तर किमान 28 दिवस जाऊ द्या.

प्रायमरचा एक हात, तो नीट वाळला की रंगाचे दोन, मधे चार ते सहा तास. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला, जास्त घातलं की रंग पुरतो पण टिकत नाही. वरून खाली या, आणि सावलीच्या मागे फिरा, म्हणजे सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची.

पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे असतील तर काळ्या दगडाला रंग नकोच, आणि चुन्याच्या गिलाव्यावर चुनाच द्या, प्लास्टिक रंगाखाली त्याची ओल अडकते आणि गिलावा सुटतो.

शिडीचं मनापासून सांगतो. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, खाली एक माणूस धरायला, आणि घराजवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी नकोच. वरच्या मजल्याचं काम परांची बांधणाऱ्या माणसाला द्या, तिथे पैसे वाचवू नका.

किती रंग लागेल? 30 फूट रुंद, 20 फूट उंच भिंत म्हणजे 600 चौरस फूट, खिडक्या-दारं वजा करून समजा 540. गुळगुळीत भिंतीला दोन हातात लिटरमागे साधारण 50 चौरस फूट धरा, म्हणजे 11 लिटर, खरबरीत असेल तर जास्त. एका भिंतीचे सगळे डबे आधी एकत्र ढवळून घ्या, शेड उन्नीस-बीस होत नाही. येताना मापं आणि भिंतीचे मोबाइलवरचे फोटो आणा, कारण शेड बनवलेला डबा आम्हाला परत घेता येत नाही.