भाताची भेसळ: खळ्यापासून न्हावा-शेव्यापर्यंत

कोकणातल्या भातात होणाऱ्या भेसळीचे सर्वांत जुने रूप म्हणजे देवभात. खाचरात आपोआप उगवणारे हे रानटी भात. रोपे लहान असताना ते ओळखू येत नाही. निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, लांब कुसळे दिसतात, पण तोवर उशीर झालेला असतो, कारण कापणीआधीच दाणे गळून मातीत पडतात आणि पुढच्या पावसात पुन्हा उगवतात. ऋषिपंचमीला याच देवभाताला मान असतो, बियाण्यात मात्र ते कोणालाच नको असते.

बियाण्याचे भात पूर्वी घरीच राखत. शेताचा एखादा चांगला तुकडा हेरायचा, तो वेगळा झोडायचा आणि धान्य पेंढ्यात गच्च बांधून मुडी करून ठेवायची. घरात वाण दोन-तीनच असत आणि खळेही स्वतःचे असे. त्यामुळे नजरेने केलेली निवड बऱ्यापैकी पुरत असे.

कर्जतचे भात संशोधन केंद्र 1919 मध्ये सुरू झाले, दापोलीचे कृषी विद्यापीठ 1972 मध्ये. या दोन्हींच्या मध्ये, 1966 मध्ये, बियाणे कायदा आला आणि शुद्धतेला आकडे मिळाले. भाताच्या प्रमाणित बियाण्यात, म्हणजे निळ्या लेबलच्या पिशवीत, 98 टक्के शुद्ध बी हवे, उगवण किमान 80 टक्के, ओलावा 13 टक्क्यांच्या आत. रानटी भाताचे दाणे किलोमागे फार तर पाच चालतात. हेक्टरी 40 किलो बी धरले तर नियमात बसूनही 200 दाणे शेतात जाऊ शकतात. म्हणून लेबल पाहून निर्धास्त राहणाऱ्यालाही बेणणी, म्हणजे नको ती रोपे उपटणे, चुकत नाही.

प्रमाणीकरण पिशवीपाशी संपते. पुढची वाट मात्र सामायिक साधनांची असते: भाड्याचे कापणी यंत्र, मळणी यंत्र, गिरणी, ट्रक, गोदाम. मळणी यंत्राच्या चाळणीच्या कडेला आणि तळाच्या खोबणीत आधीच्या शेताचे दोन-चार मूठ दाणे अडकून राहतात. यंत्र रिकामे फिरवून आणि झाडून घेतले नाही तर ते पुढच्या पोत्यात जातात. लाल दाण्याचे भात भरडल्यावर लगेच पांढरे भरडले, तर तांदळात लाल ठिपके दिसतात. ही भेसळ निदान डोळ्यांना कळते.

न कळणाऱ्या भेसळीचा धसका निर्यातदारांनी 2006 मध्ये घेतला. त्या वर्षी अमेरिकेच्या लांब दाण्याच्या तांदळात तिथे मंजुरी नसलेल्या जनुकीय (प्रयोगशाळेत जनुकांत बदल केलेल्या) वाणाचे अंश सापडले आणि युरोपची बाजारपेठ आक्रसली. ते वाण ज्या कंपनीचे होते त्या बायरने 2011 मध्ये शेतकऱ्यांशी 75 कोटी डॉलरची तडजोड केली. दाणा साध्या भातासारखाच होता, फरक प्रयोगशाळेतच कळला. 2021 मध्ये अशीच तक्रार भारतीय कणीपासून केलेल्या पिठाबद्दल युरोपात झाली. जनुकीय भाताच्या व्यावसायिक लागवडीला भारतात परवानगीच नसल्याने भारताने तो ठपका नाकारला. पण भेसळ नेमकी कुठे झाली हे दाखवायला वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याची नोंद लागते, आणि आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे.

न्हावा-शेवा बंदर 1989 पासून चालू आहे. तिथून जाणारा तांदूळ बहुतेक इतर राज्यांतला असतो. कंटेनरच्या लाकडी तळाच्या फटींत आधीच्या मालाचे धान्य आणि कीड राहू शकते. खापरा भुंग्याची अळी अशा फटींत खाण्यावाचूनही दीर्घकाळ जगते, म्हणून अनेक देश त्या एका किडीबाबत फार कडक आहेत. त्यात कोकणातला पावसाळा: दमट हवेत पोती भरली की कंटेनरच्या आत पाणी सुटते आणि बुरशी धरते. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र घेण्याआधी धुरीकरण करतात. त्याने कीड मरते, मिसळलेले दाणे मात्र तसेच राहतात.

कोकणचे स्वतःचे भात या वाटेने फारसे जात नाही. तरी पालघरच्या वाडा कोलम या बारीक तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून प्रश्न दारात आला आहे. त्या नावाखाली दुसराच बारीक तांदूळ विकला जातो, ही तक्रार जुनी आहे. मानांकनाने नावाला संरक्षण मिळाले. पण वाडा कोलमचे भात गिरणीत पडण्याआधी तिथे कोणते भात भरडले आणि मध्ये यंत्र झाडले का, याची वही छोट्या गिरणीवाल्याकडे क्वचितच असते. परदेशी ग्राहक पहिल्यांदा तीच मागेल.